पुलाचं नाणं

बाबा गेल्यावर भेटायला पुष्कळ माणसं आली, पण नाणेमंडळातलं कुणी आलं नाही. मी मात्र दाराकडे बघत होते. त्यांच्यातल्या एका माणसाचा चेहरा मला जवळून पाहायचा होता. तो आला नाही, म्हणून मी त्याच्याकडे जायचं ठरवलं.

बाबा आयुष्यभर नदीच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसले. या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या लाँचची तिकिटं फाडायची आणि सुटे पैसे परत द्यायचे. दिवसभर हाताखालून चिल्लर वाहायची आणि तिच्यात अधूनमधून एखादं वेगळं नाणं यायचं. कुठल्या संस्थेची शंभरी, कुठलं धरण, कुठलं दीपगृह, अशा कशाच्या तरी स्मरणार्थ काढलेलं. बाबा आपल्या खिशातलं त्याच किमतीचं साधं नाणं गल्ल्यात टाकायचे आणि ते उचलून घ्यायचे. नाणं बाजारातून फिरून आलेलं हवं, विकत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. पेटीत जपलेल्या कोऱ्या नाण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "जे नांदलंच नाही त्याचे गुण काय गायचे?" असं म्हणायचे.

मग नदीवर पूल झाला आणि लाँचला गिऱ्हाईक राहिलं नाही. पुलाचंही नाणं निघालं. त्यावरच्या चित्रात काही चूक राहिली म्हणून ते लगेच मागे घेतलं गेलं आणि बाजारात फार थोडी नाणी उरली. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत त्यातलं एक बाबांच्या खिडकीत आलं. घरी येऊन त्यांनी ते आईच्या तळहातावर ठेवलं. "बघ, ज्याने पोटावर पाय दिला त्यानेच बक्षिशी दिली."

मंडळात त्यांना सगळे 'खिडकी' म्हणायचे. "काय खिडकी, आज काय गावलं?" बाबांना ते आवडायचं. तिथे दुकानदार होते, वकील होते, आणि सगळ्यांत वर दातांचे डॉक्टर होते. डॉक्टरांची नाणी अशी लखलखीत असायची की माणसं म्हणायची, यांच्या हाताला यश आहे. फक्त त्यांचं पुलाचं नाणं तेवढं गडद तपकिरी होतं, मधासारखं. काळाने आपोआप चढवलेला असा एकसारखा रंग क्वचित मिळतो, आणि मंडळात त्या नाण्याला मान होता.

एका बैठकीत ते टेबलावरून हातोहात फिरलं. डॉक्टरांकडे परत जाण्याआधी शेवटी ते बाबांच्या हातात होतं. पुढच्या बैठकीला डॉक्टरांनी डबी उघडली, तर आत एक चकचकीत नाणं. "हे माझं नव्हे. कुणीतरी बदललंय. दुसरं पुलाचं नाणं कुणाकडे आहे?"

बाबा म्हणाले, "माझ्याकडे आहे." कुणी विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक. लोकांनी आणायला सांगितलं. ते घरी आले, आईला म्हणाले, "चहा ठेव, आलोच," आणि स्वतःच्या हाताने ते नाणं घेऊन परत गेले. बाबांचं नाणंही तपकिरी होतं. तेवढं पुरलं.

"जन्मभर गल्ल्यातली नाणी बदलून घेतली," डॉक्टर म्हणाले. "हाताची सवय आहे बिचाऱ्याच्या. माझा राग नाही."

बाबांचं नाणं डॉक्टरांच्या डबीत गेलं. चकचकीत नाणं बाबांपुढे सरकवलं गेलं. "हे घ्या तुमचं." बाबा एवढंच म्हणाले की हे कुणीतरी घासलंय, भिंगातून बघा. तिथे प्रत्येकाच्या खिशात भिंग होतं. एकानेही ते बाहेर काढलं नाही.

हे सगळं मला आईने सांगितलं, तेही बाबा गेल्यावर. "त्या दिवसापासून हे सुटे पैसे न बघता खिशात टाकायला लागले," ती म्हणाली. "मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस आता फार दिवस काढत नाही."

मी मंडळात नाव घालणार म्हटल्यावर ती भाजी निवडता निवडता थांबली.

"तुला नाण्यातलं काय कळतं? छापा आणि काटा."

"शिकेन."

"शीक बाई. पण सूड घ्यायला निघाली असशील तर डबा बांधून घे. त्याला वेळ लागतो."

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. सुटलेला अनुस्वार आणि उलटं पडलेलं अवतरणचिन्हाचं शेपूट शोधण्यात माझी हयात चालली आहे. काम घरून करता येतं, म्हणून आईकडे राहायला आले. मंडळात मला कुणी पाहिलेलं नव्हतं. सासरचं आडनाव सांगितलं आणि चिटणीसबाईंनी मला पहिल्या वर्षाचे नियम समजावले. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, कोरड्या आवाजाच्या बाई. नवख्याने वर्षभर फक्त फिरून आलेली स्मारक नाणी जमवायची. एक पैसा जास्त मोजायचा नाही. एक जुना सभासद मार्गदर्शक म्हणून मिळतो. वर्षाच्या शेवटी नवख्याची 'पहिली मांडणी' होते. नाणी तबकात लावायची, प्रत्येक कुठे मिळालं ते सांगायचं. मार्गदर्शकाने सगळ्यांसमोर एकेक नाणं भिंगाखाली धरून 'नांदलेलं' किंवा 'घासलेलं' असा निवाडा द्यायचा. घासलेलं नाणं बाद.

"घासलेलं का बाद?" मी विचारलं.

"नाणं घासलं की त्याचं आयुष्य पुसलं जातं. पुन्हा काही केल्या येत नाही." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घरी लिंबूमीठ लावायचं मनात असेल तर आत्ताच जा."

मार्गदर्शक म्हणून मी डॉक्टरांचं नाव घेतलं. त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर मी खरोखरच नाणी जमवू लागले. सुरुवातीला ते सोंग होतं, पण सोंग वठवायला नाणी लागतात. बेकरीत, लाँड्रीत, बसमध्ये मी मोठी नोट पुढे करायची आणि चिल्लर मागायची.

"सुट्टे नाहीत म्हणून रडणारी गिऱ्हाइकं रोज बघते," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या. "सुट्टेच हवेत म्हणून रडणारी तूच पहिली. घरात पिठाची गिरणी घातलीस काय?"

"छंद आहे मावशी."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"त्यालाच विचारून घातलाय."

"मग बरा आहे बिचारा." आणि त्यांनी गल्ल्याचा खण माझ्यापुढे ओतला.

पहिलं नाणं तिथेच मिळालं, दीपगृहाचं. दीपगृहाचा माथा झिजून बोथट झाला होता, कारण नाण्यावरचा सगळ्यांत उंच भाग आधी झिजतो. हे मला तोवर पुस्तकातून कळलं होतं. हातात धरल्यावर ते पुन्हा कळलं. किती बोटांनी हा दिवा विझवत आणला असेल! मी ते कडेला धरून घरी आणलं, बोटाचा घाम पृष्ठाला लागू नये म्हणून. मऊ कागदाच्या पाकिटात ठेवलं. आईला दाखवलं तेव्हा तिने ते न मागताच कडेला धरलं. इतक्या वर्षांत तीही शिकली होती.

मला ते आवडायला लागलं, हे मी लपवत नाही. जनगणनेचं आलं, धरणाचं आलं, आगगाडीच्या शंभरीचं आलं. एखादं हाताला लागलं की मान वर करून बाबांना सांगावंसं वाटायचं. ते झालं की राग जास्तच यायचा. हा एवढासा आनंद त्या माणसाने त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि त्यांनी तो मुकाट्याने दिला होता.

बाबांच्या कपाटात ते चकचकीत नाणं होतं. मी भिंगाखाली धरलं. त्यावर गोल गोल बारीक ओरखडे होते, भोवऱ्यासारखे, एकमेकांत अडकलेले. फडक्याने घासलं तर ओरखडे सरळ येतात, हे मी वाचलं होतं. आणखी एक गोष्ट होती. पुलाच्या कमानीखाली, अक्षरांच्या पोटात, काहीतरी सुकून बसलं होतं. फिकट गुलाबी. कुठली धूळ अशी असते, मला सुचेना.

ते कळलं डॉक्टरांच्या खुर्चीत. ते नाण्यांविषयी दवाखान्यातच बोलायचे, शेवटचा रुग्ण गेल्यावर. एकदा म्हणाले, "आलाच आहात तर दात बघून घेतो. आमच्याकडे सभासदाला सूट." मी खुर्चीत मागे रेलले. दिवा डोळ्यांवर आला.

"आ करा. आणखी. चहा किती पिता?"

मी काहीतरी घशातून म्हटलं.

"म्हणजे पुष्कळ. नाण्यांवर डाग चढला तर म्हणे शोभा, आणि दातांवर चढला तर माझ्याकडे धाव. माणसाचं गणितच उफराटं." त्यांनी बारीक यंत्राच्या टोकाला रबराची इवलीशी वाटी बसवली, बाजूच्या डबीतून तिच्यावर लेप घेतला, आणि ती वाटी माझ्या दातांवर गरगर फिरू लागली.

लेप गुलाबी होता.

तोंड उघडं, हनुवटी त्यांच्या हातात, डोळ्यांवर दिवा. मला हलता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं. तोंड धुताना मी तस्तात पाहिलं. कडेला लागलेला लेप सुकून फिकट झाला होता. कमानीखालचा रंग तोच.

म्हणजे त्यांनी स्वतःचं नाणं स्वतः घासलं. मधासारखा रंग गेला आणि परत येईना, तेव्हा त्या खोलीत ज्याचा शब्द सगळ्यांत हलका, त्याच्या हातावर त्यांनी तो गुन्हा ठेवला. आणि वर त्याचं चांगलं नाणं उचललं. त्यांची सगळी लखलखीत नाणी मला आठवली. हाताला यश होतं ते असं.

मला हे ओळखूनही उपयोग नव्हता. रंग मी बाहेरून आणून लावला, असं ते म्हणू शकले असते. माझ्या शब्दालाही तिथे वजन नव्हतं. मला त्यांच्या हाताने घासलेलं दुसरं नाणं हवं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचंच ठरेल असं.

माझ्या नाण्यांतलं सगळ्यांत मळकट दीपगृहाचंच होतं. दुसरं एखादं द्यावं म्हणून मी बरेच दिवस काढले. आईने एकदा पाहिलं, मी पाकीट उघडते आणि मिटते.

"काय करायचंय त्याचं?"

"डॉक्टरांना द्यायचंय. परत येईल, पण असं नाही येणार."

तिला सगळं सांगितलं होतं. तिने पाकीट उघडून आत पाहिलं. मग म्हणाली, "तुझंच आहे ना? बाबांचं नाही ना?"

"माझंच."

"मग दे."

दवाखान्यात मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. "मांडणीत हे अगदीच केविलवाणं दिसेल हो. दिवाही दिसत नाही. काढून टाकू का?"

त्यांनी ते उचललं, बोटांत फिरवलं. पृष्ठावर अंगठा ठेवून. "पहिलं नाणं ना? काढू नका. माझ्याकडे राहू द्या, मी बघतो."

"म्हणजे धुणार?"

"छे, छे! धुवायचं नसतं." ते हसले, दार बंद आहे का पाहिलं. "नुसता हात फिरवतो. मंडळात बोलू नका, तिथे एकेक सोवळी माणसं आहेत."

दीपगृह आठवड्याभरात परत आलं. असं की जणू काल टांकसाळीतून निघालंय. झिजलेला माथा झिजलेलाच होता, फक्त आता तो नागडा चमकत होता. घरी आल्यावर भिंग लावलं. गोल गोल ओरखडे आणि लाटांच्या घळीत गुलाबी. मी अपेक्षा केली होती तेच घडलं होतं, तरी मला रडू आलं. बाबा गेले तेव्हा मी लोकांसमोर रडले नव्हते.

मांडणीच्या दिवशी खोली भरलेली होती. लांब टेबल, वर हिरवं कापड, प्रत्येकासमोर दिवा. डॉक्टर माझ्या शेजारी. त्यांच्या समोर त्यांच्या डब्या, सगळ्यांत वर पुलाच्या नाण्याची. ते ती प्रत्येक बैठकीला आणायचे. मी तबक ठेवलं आणि एकेक नाणं कुठे मिळालं ते सांगू लागले. डॉक्टर भिंग लावून निवाडा देत गेले.

"धरण. लाँड्रीत."

"नांदलेलं."

"आगगाडी. बसमध्ये."

"नांदलेलं. कडा बघा, सुरेख."

"दीपगृह. बेकरीत."

त्यांनी ते क्षणभरच भिंगाखाली धरलं. "नांदलेलं," ते म्हणाले. "भाग्य लागतं असं मिळायला."

"पुढचं पुलाचं," मी म्हटलं.

टेबलाभोवती खुर्च्या सरकल्या. नवखीकडे पुलाचं नाणं! डॉक्टरांनी ते तबकातून उचललं नाही. त्यांनी लांबूनच ओळखलं होतं.

"हे कुठे मिळालं?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"खिडकीने ठेवलं होतं. मी त्यांची मुलगी."

एक दुकानदार सभासद पुटपुटला, "अहो, हे आता कशाला उकरायचं?"

"उकरत नाही. निवाडा मागतेय, नियमाप्रमाणे. डॉक्टर, सांगा ना. नांदलेलं की घासलेलं?"

"घासलेलं," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे ते. तुमच्या वडिलांनी..."

"आणि दीपगृह नांदलेलं?"

"हो."

मी दोन्ही नाणी चिटणीसबाईंपुढे ठेवली. "बाई, तुम्ही बघा."

बाईंनी या वेळी भिंग काढलं. एक नाणं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. दिवा जवळ ओढला, टाचणीने दीपगृहाच्या लाटेतून थोडं खरवडलं, कागदावर झटकलं. कमानीखालचं खरवडलं, शेजारी झटकलं. वास घेतला. मान वर केली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "माझे दात तुम्हीच घासता."

मग कुणाला थांबवता आलं नाही. वकिलांनी न विचारता डॉक्टरांच्या एका डबीतलं नाणं उचललं. दुकानदाराने दुसरं. सगळीकडे भिंगं निघाली. नाणी फिरत होती आणि परत येताना टेबलाच्या मधोमध ठेवली जात होती, वेगळी, बाद झालेल्यांच्या ढिगात. डॉक्टरांच्या हाताला यश का होतं, ते आता सगळ्यांना दिसत होतं. ते म्हातारे होते. त्यांनी हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले. आपल्या बाबांनीही असेच घेतले असतील का, असं माझ्या मनात आलं. मला दया यायला हवी होती. मी वाट पाहिली, आली नाही.

"एक हिरवा ठिपका होता," ते मला म्हणाले, हळू आवाजात. "तेवढाच काढायचा होता. ठिपका निघाला आणि सगळंच गेलं. त्या नाण्यावरच माझी सगळी... तुम्ही आता जमवता. तुम्हाला कळेल."

"कळतं," मी म्हटलं.

"तुमच्या वडिलांचं नाणं मी परत देतो. घरी येऊन देतो, तुमच्या आईंच्या हातात. इथे आता पुरे."

"घरी नको. जिथून घेतलंत तिथे द्या."

त्यांनी डबी पुढे सरकवली. मी ती उघडली. बाबांचं नाणं मी पहिल्यांदाच पाहत होते. तपकिरी, उबदार, कमानीच्या कडा हातांनी गोलसर झालेल्या. माझा हात लगेच पुढे झाला नाही. मग मी ते कडेला धरून डावीकडच्या सभासदापुढे ठेवलं.

"प्रत्येकाने बघायचं," मी म्हटलं. "आणि कुणाचं आहे ते तोंडाने म्हणायचं. त्या दिवशी राहून गेलं."

"बाई, आम्ही ठराव करतो, माफीचा..." दुकानदार सुरू झाला.

"कागद नको मला."

नाणं निघालं. वकिलांनी पाहिलं. "खिडकीचं," ते म्हणाले. पुढचा म्हणाला, "खिडकीचं." दुकानदाराने घसा साफ केला आणि म्हणाला. चिटणीसबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हटलं. काहींनी मान खाली घालून, काहींनी माझ्याकडे बघून. एकाने नुसतीच मान हलवली, तर मी नाणं त्याच्यापुढून हलू दिलं नाही.

शेवटी ते डॉक्टरांपुढे आलं. त्यांनी ते उचललं, या वेळी कडेला धरून.

"यांच्या वडिलांचं," ते म्हणाले.

शब्द टेबलाच्या टोकापर्यंत पोहोचले असावेत. निदान माझ्यापर्यंत स्पष्ट पोहोचले.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाले, "हे माझं नाही. यांच्या वडिलांचं आहे. मी खोटं बोललो."

चिटणीसबाई उठल्या, दिवे मालवू लागल्या. जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता चल मुली, असा तो हात होता. सगळे खुर्च्या मागे सारत होते. मी माझी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावर कोपरं टेकून नीट बसले.

"बसा डॉक्टर," मी म्हटलं. "आणखी एकदा."